चार्जर जोडलेला असूनही बॅटरी ६० टक्क्यांवरच थांबते

प्रश्न: लॅपटॉपला चार्जर जोडल्यावर दिवा लागतो, पण बॅटरी ६० टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. ती बदलावी लागेल का?

पहिले उत्तर: इतक्यात नको. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती निर्मात्याच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चालू आहे का, ते आधी पाहावे.

दुसरे उत्तर: चार्जर मूळचाच आहे ना? ६५ वॅटची गरज असलेल्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्टमधून फोनचा २० वॅटचा चार्जर जोडला, तर मिळणारी वीज चालू कामातच खर्च होते आणि बॅटरीपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

प्रश्नकर्ता: मर्यादा ६० वरच होती, ती काढताच आकडा वाढू लागला.

पहिले उत्तर: लॅपटॉप सतत चार्जरवरच राहणार असेल, तर ती ठेवलेलीच बरी.