ओम्नीचे इंजिन ऑइल खात आहे : फक्त रिंगा बदलाव्यात की बोअर करावे?

पसरणीवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००७ची मारुती ओम्नी आहे. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, पेट्रोलवरचे आणि एक लाख साठ हजार किलोमीटर चाललेले आहे. नोंदणीचे नूतनीकरण २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी झाले आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असून, आईला वाईच्या दवाखान्यात नेण्यापासून शेतातून घरची भाजी आणण्यापर्यंतची सर्व कामे आजही तीच करते, त्यामुळे ती भंगारात द्यायला मन तयार होत नाही. गेले वर्षभर मात्र दर पाचशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल भरावे लागते आणि पसरणी घाट चढताना मागे निळ्या धुराचा लोट उठतो. एका गॅरेजमध्ये "हाफ इंजिन करू, रिंगा टाकल्या की भागेल" असे सांगितले, म्हणजे इंजिनाची अर्धीच दुरुस्ती करून पिस्टनभोवतीच्या कड्या बदलायच्या, तर दुसरीकडे जुन्या बाजारातील तयार इंजिन बसवण्याचा सल्ला मिळाला. दोन्ही ठिकाणी मोजमाप काहीच झाले नाही. काय करणे योग्य ठरेल?

लेथवरचा

इंजिन खोलण्यापूर्वी ते कुठे झिजले आहे हे पाहून घ्यावे. आपला घाटच त्यासाठी उपयोगी आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना धूर येत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीवर) जातो. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर देताच धुराचा झोत आला, तर व्हॉल्व्हचे सील आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) तपासावेत, कारण त्या वेळी इनटेकमध्ये ओढ जास्त असते आणि गाइडमधून ऑइल आत खेचले जाते.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजून घ्यावे. इंजिन गरम करून, पुढची सीट उचलून तिन्ही प्लग काढावेत, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर गळती रिंगांतून आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे (सिलिंडरांवरच्या झाकणाखालील, म्हणजे हेडखालील, पॅकिंगकडे) पाहावे. हे सर्व तासाभराचे काम आहे, आणि ते न करता इंजिन खोलायला सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकण्याचे काम मी अनेकदा पाहिले आहे. बोअर वरच्या भागात, जिथे पहिली रिंग फिरते तिथे, सर्वांत जास्त झिजतो आणि गोलाईही सोडतो. नवी रिंग खाली नीट बसते, पण वर गेल्यावर तिचे तोंड उघडते, त्यामुळे काही महिन्यांत धूर पुन्हा सुरू होतो. अशा वेळी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून गोल आणि मोठा करून, वाढीव मापाचे पिस्टन टाकावे लागतात.

कागदपत्रे

जुन्या बाजारातील इंजिनाविषयी एवढेच लिहितो. ते आतून किती झिजले आहे हे घेताना दिसत नाही, आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बदलला की इंजिन क्रमांकही बदलतो. नवा क्रमांक आरटीओकडून नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो, विमा कंपनीलाही कळवावे लागते, आणि इंजिन कुठून आले याची पावती हाती नसेल तर तिथेच काम अडते. आपल्याला पुढे फिटनेससाठी गाडी दाखवायची आहे, तेव्हा मूळ ब्लॉक दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो सोडू नये.

पसरणीवाला

दोघांचेही मनापासून आभार. कॉम्प्रेशन पहिल्या सिलिंडरमध्ये साडेअकरा, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्यात साडेआठ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आले. ऑइल सोडल्यावर दुसरा आणि तिसरा दहाच्या पुढे गेले. इंजिन उतरवून ब्लॉक मोजून घेतला. मूळ बोअर ६८.५० मिमी असतो. दुसऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला तो ६८.६६ भरला आणि झीज बहुतेक एकाच बाजूला आहे. पिस्टन ०.२५ मिमी वाढीव मापाचे घ्यावेत की ०.५० चे?

लेथवरचा

झीज एकाच बाजूला असेल आणि बोअरचे केंद्र मूळ जागी ठेवायचे असेल, तर दुप्पट माप धरावे लागते, म्हणजे सुमारे ०.३२ मिमी. ०.२५ मध्ये ती झीज पूर्ण निघणार नाही, म्हणून तिन्ही पिस्टन ०.५० चेच घ्यावेत. या मापानंतर पुन्हा बोअर करायची वेळ आली तर मात्र स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) टाकावी लागेल, हे ध्यानात ठेवावे. पिस्टन आधी विकत घेऊन ब्लॉकसोबत लेथवर द्यावेत, कारण प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या बोअरमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची जागा ठेवायची असते. नुसत्या खोक्यावरच्या मापावर विसंबून बोअर करू देऊ नये. ब्लॉक परत आल्यावर साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने घासून, पांढरे फडके फिरवून काळे येईनासे होईपर्यंत धुवावा, कारण होनिंगची (बोअर केल्यावर आतून घासण्याच्या कामाची) पूड आत राहिली तर तीच नव्या रिंगा खाते. हेडची सपाटी पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहून घ्यावी, टायमिंग बेल्ट आणि व्हॉल्व्हचे सील नवे टाकावेत आणि रेडिएटर उकलून साफ करून घ्यावा.

पहिले हजार किलोमीटर वेग बदलता ठेवून, जास्त वजन न भरता चालवावी आणि पाचशेला फिल्टरसकट ऑइल बदलावे. तोवर घाटात आईंना घेऊन जाताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर जोर न देता, सावकाश चढवावी.