मदत हवी आहे: ग्रेडलमध्ये प्लगइन परस्पर रिपॉझिटरी जोडतंय
नमस्कार मंडळी,

ग्रेडल या बिल्ड टूलवर चालणाऱ्या आमच्या बिल्डमधल्या सगळ्या रिपॉझिटरी (लायब्ररी जिथून डाउनलोड होतात त्या जागा) सेटिंग्ज फाइलमध्ये एकाच ठिकाणी ठेवल्या आहेत: बाहेरच्या लायब्ररींसाठी मेव्हन सेंट्रल ही सार्वजनिक रिपॉझिटरी, आमच्या लायब्ररींसाठी खासगी सर्व्हर. आमचा ग्रुप (आमच्या लायब्ररींच्या नावातला सामायिक पहिला भाग) फक्त खासगी सर्व्हरवरच शोधला जावा म्हणून 'एक्स्क्लुझिव्ह कंटेंट'चा नियमही लावलाय. ही अट मला सोडायची नाही. त्याच नावाचं पॅकेज कुणी बाहेर टाकलं, तर ते गुपचूप आत येऊ शकतं.

अडचण एकाच सबप्रोजेक्टची आहे. तिथलं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) डाउनलोड करणारं प्लगइन आपली आयव्ही (मेव्हनपेक्षा वेगळ्या मांडणीची) रिपॉझिटरी थेट प्रोजेक्टमध्ये जोडतं. ग्रेडलचा डीफॉल्ट मोड प्रोजेक्टला झुकतं माप देतो, त्यामुळे तिथे सेटिंग्जमधल्या रिपॉझिटरी बाद होतात आणि आमच्याच लायब्ररी सापडत नाहीत. सेटिंग्जला झुकतं माप देणारा 'प्रेफर सेटिंग्ज' मोड लावला की लायब्ररी मिळतात, पण नोड मिळत नाही. 'फेल ऑन प्रोजेक्ट रेपोज' मोडने तर बिल्ड तिथेच थांबतं.

तीच आयव्ही रिपॉझिटरी पॅटर्नसकट (फाइलचा पत्ता कसा बनतो त्या साच्यासकट) सेटिंग्जमध्ये लिहावी आणि प्लगइनला ती जोडू देऊ नये, असा विचार आहे. कुणी असं केलंय का? आयव्हीची मेटाडेटा फाइल (पॅकेजची माहिती देणारी) तिथे नसते, मग मेटाडेटा सोर्स 'आर्टिफॅक्ट' (म्हणजे थेट मूळ फाइलच शोधणं) ठेवणं पुरेल का? चालणारा नमुना कुणाकडे असेल तर कृपया टाका.