आराखडा करणारे ‘हिशेबनीस’? मग घ्याच हिशेब

गिरणाकाठ
परवा इथं एका दादांनी लिहिलं, “आराखडा करून कादंबरी लिहितो तो लेखक नव्हे, हिशेबनीस. पात्रं आपली वाट आपण शोधतात.” खाली नुसती वाहवा. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पात्रं वाट शोधत असतील, पीक शोधत नाही. एका होतकरू मित्राचं हस्तलिखित वाचायला आलं होतं. रावेरकडची गोष्ट. नायक मृगात केळी लावतो आणि त्याच दिवाळीला घड कापून बहिणीचं लग्न उरकतो! अहो, टिश्यू कल्चरचं रोप लावलं तरी दहा-अकरा महिने लागतात, कंदाच्या मृगबागेला तर त्याहून जास्त. आता लग्न पुढच्या उन्हाळ्यात ढकला, तर नवरदेवाची बदली आधी होते. बदली आधी झाली की भुसावळ स्टेशनावरची भेट उडते, आणि सगळी कादंबरी त्या भेटीवर उभी. मित्राने चिडून बाड कपाटात टाकलं, ते अजून तिथंच आहे.

शेवट ठरवू नका, हरकत नाही. पण कोणतं साल, कोणता हंगाम, कोण किती वयाचं, एवढं एका पानावर मांडा आणि मग खुशाल भटका. नंदुरबारवर लिहायचं तर ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. शाळकरी शिरीषकुमार त्या दिवशी ‘चले जाव’च्या मिरवणुकीत गोळीबारात गेला. तुमचं पात्र त्या मिरवणुकीत शाळकरी असेल, तर १९७५ला ते पन्नाशीला टेकलेलं असणार. त्याला तेव्हा कॉलेजात प्रेमात पाडता येत नाही.

उनाड_तापी
ते वाक्य माझं. मागे घेणार नाही. नेमाडे आपल्या सांगवीचे. १९६३ची ‘कोसला’ जेमतेम पंधरवड्यात लिहिलेली. साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ला नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. कोठडीत कोणता तक्ता टांगला होता, तेवढं सांगा.

गिरणाकाठ
तक्ता कशाला हवा? एकेका रात्री श्यामने एकेक आठवण सांगायची, हा सांगाडाच आहे की! त्यात स्वतःचं बालपण, म्हणजे साल-वय शोधायचंही काम नाही. आणि त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ यायला २०१० उजाडलं. ते बरं विसरलात. सोयीचं तेवढं उचलायचं.

मास्तर_चाळीसगाव
तक्त्याचं नाव काढू नका. मी एका लेखन कार्यशाळेला गेलो होतो. फी भरपूर, चहा गार. छापील कागद वाटला: कथेचा चौथा हिस्सा संपला की नायकाला पहिला धक्का. माझा नायक कापसाच्या जिनिंगमधला हमाल. त्याला पहिल्या पानापासून धक्केच बसताहेत! तसं सांगितलं तर म्हणतात, “मग नायक बदला.” वर या लोकांची पुस्तकंही स्वखर्चाने छापलेली.

उनाड_तापी
मास्तर, शंभर टक्के. माझा राग त्याच कागदावर आहे.

गिरणाकाठ
मग तसं लिहायचं होतं. सरसकट हिशेबनीस कशाला?

पांझराकाठची
दादा, दोन्हीकडचं ऐकलं. आमचे काका निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायला बसले. पात्रांच्या वंशावळी काढल्या, गावाचा नकाशा काढला, कोणत्या ओट्यावर कोण बसतं तेही टिपलं. आमच्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुने कागद वाचले. भिंत भरली. काका गेले तेव्हा पहिलं प्रकरणसुद्धा लिहिलेलं नव्हतं. काकू अजून म्हणते, लिहायची भीती वाटत होती म्हणून नकाशे काढत बसले. यावर काय उत्तर आहे, गिरणाकाठ?

गिरणाकाठ
ताई, वाईट वाटलं. पण मी एक पान म्हणतोय, भिंत नाही. अर्थात भिंतीवर लिहूनही पुस्तक पूर्ण करणारे आहेत. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरने ‘अ फेबल’चा आराखडा वारांप्रमाणे खोलीच्या भिंतीवरच लिहिला होता, आणि त्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं.

उनाड_तापी
आणि वाचतं कोण ते? त्याच फॉकनरने १९२९ला वीजघरात रात्रपाळी करता करता सहा-सात आठवड्यांत ‘ॲज आय ले डाइंग’ लिहिली. लोक ती वाचतात.
केळीचा मुद्दा मान्य. यापुढे प्रत्येक प्रकरण आधी तालुका कृषी अधिकाऱ्याला वाचून दाखवीन.

पांझराकाठची
मला विचाराल तर आधी ठरवायची एकच गोष्ट, संवादांची बोली. मध्येच बदलली तर सगळं नव्याने लिहावं लागतं. बहिणाबाईंसारखी अस्सल अहिराणी वापरा.

असोदेकर
झालं! ताई, बहिणाबाई आमच्या असोद्याच्या आणि त्यांची बोली लेवागणबोली. किती वेळा सांगायचं? पुण्या-मुंबईकडच्यांनी खान्देश म्हणजे अहिराणी असं समजावं, पण धुळ्याच्या माणसानेही?

पांझराकाठची
काय बोली ऱ्हायनात भाऊ? मी प्रेमाने नाव घेतलं, तुम्ही जात काढायला निघालात.

असोदेकर
जात कुणी काढली? बोलीचं नाव लेवा समाजावरून पडलं, त्याला मी काय करू? बहिणाबाई ओव्या म्हणत गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपल्या, १९५२ला पुस्तक झालं. त्यातली एक ओवी साक्रीच्या म्हातारीला वाचून दाखवा आणि विचारा, ही तुमची बोली का?

मास्तर_चाळीसगाव
आमच्याकडे तर तिसरंच बोलतात. आणि दिवाळी अंकाचे संपादक तिन्ही बोली पुसून प्रमाण मराठी करतात. माझ्या हमालाच्या तोंडी “कृपया” घातलं होतं!

पांझराकाठची
बरं, बहिणाबाई तुमच्या. आता खूश?

असोदेकर
आमच्याच होत्या, खूश काय व्हायचं.

उनाड_तापी
तुमचं मिटलं असेल तर एक विचारू? माझ्या गोष्टीत पाचोऱ्याची एक कापूस वेचणारी बाई आहे. तिच्या पहिल्याच वाक्यावर अडलोय. तिची बोली कुठली ठेवू?

असोदेकर
माहेर कुठलं? तापीकडचं की गिरणेकडचं? लग्न होऊन किती वर्षं झाली?

उनाड_तापी
ते ठरवलेलं नाही.

गिरणाकाठ
मी गप्प आहे.