मदत हवी आहे: सायकलवर सामान कसं बांधता?

काल नाशकात सगळी कामं सायकलवरच केली, गंगापूर रोडवरून निघालो, अशोक स्तंभाजवळ बँक, मग रविवार कारंजा, तिथून होळकर पुलावरून पंचवटीत आत्याकडे, येताना पाच किलो दळण आणि भाजी. खूप मस्त वाटलं, पार्किंग शोधायची कटकटच नाही.

पण माझी गिअरची सायकल, कॅरिअरला फ्रेमवर भोकंच नाहीत म्हणून सीटच्या दांड्याला आवळायचं घेतलं, ते वजनाने सारखं एका बाजूला फिरतं आणि चढाला हँडल हलकं होऊन डुगडुगतं. पुढे बास्केट लावू की दोन्ही बाजूंना पिशव्या? टाच लागते का त्यांना? आणि भोकं नसलेल्या फ्रेमला क्लॅम्पने पक्कं कॅरिअर बसवून देणारं नाशकात कोणी आहे का? प्लीज सांगा, शनिवारी परत दळण आहे.