जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी कोणते स्पार्क प्लग घ्यावेत? तिसरा प्लग सारखा ओला आणि काळा होतो, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी वापरलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. तिला कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग), डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट (ठिणगी वेळेवर पाडणारी जुनी यांत्रिक व्यवस्था) आहेत. गेले दोन महिने थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे ती मिसिंग करते आणि चढावर पिकअप देताना अडखळते. म्हणून परवा मी चारही प्लग काढले आणि कोणता कुठला हे विसरू नये म्हणून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून ठेवले.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लगवर मखमलीसारखी कोरडी काजळी आहे, बोट फिरवले की ती सहज निघते. तिसरा मात्र वेगळा दिसतो. त्याच्यावर चकचकीत, ओलसर काळा थर आहे, तो बोटाला चिकटतो आणि त्याला पेट्रोलचा वास येत नाही. चारही प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. गाडीच्या पुस्तकात गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवायला सांगितली आहे, फिलर गेजने मोजली तेव्हा ती १.१ भरली.

खरा गोंधळ पुढे आहे. पुस्तकात एनजीके कंपनीचा बीपी५ईएस हा प्लग सांगितला आहे आणि गाडीत निघाले बीपी७ईएस. ते कोणी आणि कधी बसवले, हे आता विचारायला कोणी उरले नाही. ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की आकडा जितका मोठा तितका प्लग गरम, म्हणून सातच राहू द्यावेत आणि तिसऱ्या सिलिंडरला त्याहूनही मोठ्या आकड्याचा प्लग लावावा, म्हणजे तेल जळून जाईल. दुसऱ्या एकाने इरिडियमचे प्लग घालून मोकळे व्हा, असे सुचवले. गाडी बहुतेक वेळा दिवसाला तीन-चार किलोमीटरच चालते. पाच घ्यावेत की सात, इरिडियमचा या इंजिनाला उपयोग होईल का आणि तिसऱ्या सिलिंडरचे काय करावे, एवढे कृपया कोणी समजावून सांगावे. ही गाडी मला टिकवायची आहे, त्यामुळे तात्पुरता इलाज नको आहे.

प्रतिसाद

तुम्ही प्लग क्रमाने मांडून ठेवलेत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळे दोष दिसत आहेत आणि ते एकमेकांत मिसळले तर दोन्ही सुटणार नाहीत.

आधी आकड्याचे पाहू. एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो, गरम नाही. बॉश कंपनीच्या प्लगमध्ये याच्या उलट आहे: तिथे आकडा वाढला की प्लग गरम होतो, त्यामुळे एनजीकेच्या बीपी६ईएसच्या जोडीचा बॉशचा प्लग डब्ल्यू७डीसी आहे आणि बीपी५ईएसच्या जोडीचा डब्ल्यू८डीसी. तुमच्या मेकॅनिकचा नियम एका कंपनीपुरता बरोबर आहे, तुमच्या प्लगना मात्र तो लागू होत नाही. गरम किंवा थंड म्हणजे ठिणगी कमी-जास्त तापलेली असते असे नाही. प्लगचे टोक आपली उष्णता हेडकडे (सिलिंडरच्या वरच्या झाकणाकडे) किती लवकर सोडते, एवढाच त्याचा अर्थ आहे. टोकाजवळचा चिनी मातीचा भाग लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वेळ लागतो आणि प्लग गरम राहतो, आखूड असेल तर ती लवकर निघून जाते. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळते. त्याखाली राहिले तर काजळी साचत जाते, आणि काजळी वीज वाहून नेत असल्यामुळे ठिणगी गॅपमध्ये पडण्याऐवजी तिच्यावरून निसटते. तुमच्या गाडीत सांगितल्यापेक्षा दोन पायऱ्या थंड प्लग आहेत आणि इंजिन पुरते तापायच्या आत तुम्ही ते बंद करता, म्हणजे तीन प्लगवरची कोरडी काजळी अपेक्षितच होती. चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडतो आहे ना, हेही एकदा पाहा, कारण अडकलेला चोक अशीच काजळी धरवतो.

तेव्हा पुस्तकातला बीपी५ईएसच घ्या. त्याहून गरम प्लगच्या मोहात पडू नका. टोक ८५० ते ९५० अंशांच्या वर गेले तर मिश्रण ठिणगीआधीच पेटू लागते आणि त्यात पिस्टनला भोक पडू शकते. काजळी धरलेला प्लग काढून पुसता येतो, पिस्टनचे तसे नसते.

इरिडियमविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्याचे टोक बारीक आणि कठीण असल्यामुळे ते फार सावकाश झिजते, आणि जिथे प्लगपर्यंत हात पोहोचायलाच तासभर लागतो अशा इंजिनांत त्याचा खरोखर फायदा होतो. तुमच्या इंजिनात प्लग समोरच आहेत आणि साधा निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटर चालतो. शिवाय इंजिनात तेल शिरत असेल तर महागाचा प्लगही तसाच काळा पडेल.

गॅप १.१ होईपर्यंत ते प्लग वापरले गेले, हेही अडखळण्याचे एक कारण आहे. गॅप वाढली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, पॉइंटच्या जुन्या व्यवस्थेत कॉइलवर ताण येतो आणि चढावर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सर्वात जास्त असताना, नेमकी तीच ठिणगी चुकते.

आता तिसरा सिलिंडर. चकचकीत, चिकट आणि पेट्रोलचा वास नसलेला थर हा इंजिन ऑइलचाच असतो. नवे प्लग बसवून काही दिवस गाडी चालवा आणि तिसरा पुन्हा ओला झाला तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) मोजून घ्या. तिसऱ्याचे कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर संशय पिस्टनच्या रिंगवर जातो. मुळातच इतरांच्या बरोबरीने असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल आत जाऊ न देणारी रबरी टोपी) पाहावे लागतील. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी आणल्यावर पुन्हा पाय दाबताच निळसर धूर येतो का, हे मागून कोणाला तरी पाहायला सांगा.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व मान्य. फक्त बसवण्याविषयी लिहितो, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की काम फार वाढते. इंजिन पूर्ण थंड असतानाच प्लग काढावेत, आणि त्याआधी भोकाभोवतीची धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. वायर एका वेळी एकच काढावी. नवा प्लग हाताने बसवावा. हात पोहोचत नसेल तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरवावा, आटे चुकीचे बसू लागले तर नळी घसरते आणि नुकसान टळते. वॉशर हेडला टेकला की नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. तोच प्लग पुन्हा बसवताना मात्र वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरे. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण मग पाना हलका वाटतो आणि नकळत जास्त आवळले जाते.

प्रश्नकर्त्याकडून, पाच आठवड्यांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. बीपी५ईएस आणले, चारही प्लगची गॅप ०.८ करून घेतली आणि तुम्ही सांगितलेल्या नळीने बसवले. दुसऱ्याच्या वेळी नळी दोनदा घसरली. घाईने पाना लावला असता तर काय झाले असते, हे तेव्हा कळले. मिसिंग त्याच दिवशी थांबले. चोक ठीक निघाला.

तिसरा प्लग दोन आठवड्यांत पुन्हा ओला झाला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचे जवळजवळ सारखे भरले, आणि मागच्या गाडीत बसलेल्या भावाने उतार संपताच निळा धूर पाहिला. व्हॉल्व्हचे सील बदलायला हेड उतरवावे लागेल या भीतीने मी थांबलो होतो. पण एका वयस्कर मेकॅनिकने हेड न उतरवता ते काम केले. पिस्टन वर यायच्या थोडा आधी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सरकवली, मग इंजिन हाताने फिरवून ती दोरी व्हॉल्व्हखाली घट्ट दाबून धरली. त्यामुळे स्प्रिंग काढल्यावरही व्हॉल्व्ह आत पडले नाहीत. निघालेले जुने सील लाकडासारखे कडक झाले होते, चिमटीत दाबताच एकाचा तुकडा पडला.

काल पुन्हा प्लग काढले. पहिला, दुसरा आणि चौथा फिकट तपकिरी झाला आहे. तिसऱ्याच्या कडेला अजून थोडी काळी रेघ आहे, पण ती कोरडी आहे.