लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतरात हातभार लावायचाय, सुरुवात कुठून?

शाईदौत:
लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मराठी इंटरफेस वापरताना कुठे इंग्रजी राहून गेलेलं दिसतं, कुठे एकाच शब्दाची दोन भाषांतरं. प्रोग्रॅमिंग येत नाही, मराठी टायपिंग नीट येतं. एवढ्यावर दुरुस्ती करता येईल का? नेमकं वाक्य सापडवायचं कसं?

मात्रावेलांटी:
येईल, कोडला हात लावावा लागत नाही. भाषांतराचं सगळं काम डॉक्युमेंट फाउंडेशनच्या (लिब्रेऑफिसमागची संस्था) वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालतं. तिथे खातं उघडा, इंटरफेसचा 'मास्टर' (पुढच्या आवृत्तीचा) प्रकल्प आणि मग मराठी निवडा. नव्या खात्याला फक्त सूचना नोंदवता येतात. थेट बदलायचा हक्क हवा असेल तर भाषांतराच्या मेलिंग लिस्टवर भाषा आणि वेबलेटवरचं नाव कळवून मागा. त्याआधी दहा-पंधरा चांगल्या सूचना टाकून ठेवा, म्हणजे तुमचं काम समोर दिसतं.

वाक्य सापडवायला सोपी युक्ती आहे. मास्टरचं रोजचं बिल्ड (रोज तयार होणारी चाचणी आवृत्ती) उतरवा आणि इंटरफेसची भाषा 'की-आयडी' ठेवा. प्रत्येक मजकुराआधी पाच अक्षरी खूण दिसू लागते. वेबलेटच्या शोधपेटीत 'note:' लिहून त्याला जोडून तीच खूण टाकली की नेमकी ओळ सापडते. इंग्रजीत एकच शब्द कुठे बटणावर क्रियापद असतो, कुठे शीर्षकात नाम, त्यामुळे जागा बघितल्याशिवाय भाषांतर करूच नका. रोजचं बिल्ड अर्धंकच्चं असतं, त्यात कामाच्या फायली उघडू नका.

रफार:
वरच्यात भर. बहुतेक चुका शब्दांत नसतात, चिन्हांत असतात.

टक्क्याच्या चिन्हाने किंवा डॉलर-कंसाने सुरू होणारे तुकडे जसेच्या तसे ठेवा. वाक्यात त्यांची जागा हलवली तर चालते, मराठीत क्रियापद शेवटी जातं म्हणून हलवावीच लागते. पण एक अक्षर गळालं तरी तिथे आकडा किंवा फाइलचं नाव येणार नाही. '~' ही कीबोर्डच्या शॉर्टकटची खूण. ती शब्दाच्या शेवटी कंसात इंग्रजी अक्षरासोबत द्या: 'फाइल (~एफ)', फक्त 'एफ' रोमन लिपीत. मराठी अक्षरामागे लावली तर इंग्रजी कीबोर्डवरून ती दाबताच येत नाही.

अनेकवचन असेल तिथे दोन चौकटी येतात. 'पान' आणि 'पानं' वेगळे लिहाल, पण 'शब्द' दोन्हीकडे सारखाच असला तरी दोन्ही चौकटी भरा. एक रिकामी राहिली की भाषांतर अपुरं धरलं जातं.

आणि कृपा करून 'दुसऱ्या'मधला ऱ नीट टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी (हलन्त), मग य. साधा र घेतलात तर 'दुसर्या' होतं, य वर रफार चढतो. काही जण साध्या र च्या हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार मिळवतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, म्हणून शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

शाईदौत:
छान, पुष्कळ कळलं. 'जतन करा' आणि 'साठवा' असं दोन्ही सापडलं तर मी सरळ सगळीकडे एक करू का? आणि केलेला बदल दिसणार कधी?

मात्रावेलांटी:
सरळ नको. आधी तो इंग्रजी शब्द शोधून सगळ्या ओळी बघा, जास्त ठिकाणी जे आहे ते धरा, आणि बाकीच्यांवर टिप्पणीत कारण लिहून सूचना द्या. तीस जागी कारणाशिवाय बदल आला तर तपासणाऱ्याला प्रत्येक ओळ नव्याने ताडून पाहावी लागते.

मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. मास्टरमधला बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीत जातो. सध्याच्या आवृत्तीच्या किरकोळ अद्ययावतीत तो हवा असेल, तर वेबलेटवर त्या आवृत्तीचा वेगळा प्रकल्प आहे, तिथेही तीच ओळ तपासा.