डल्स बरणीत चिकट होतंय. कॅरगीन, केल्पचं प्रमाणही हवंय (आयर्लंड)

गॉलवेकर:
इथल्या किनाऱ्यावरून आणलेलं डल्स (तांबडं, चामड्यासारखं शेवाळ) गोड्या पाण्याने धुऊन ओट्यावर वाळवलं. पंधरवड्यात बरणीत चिकट झालं, वर पांढरी भुकटी. बुरशी का? कॅरगीन मॉसने (हेही तांबडं समुद्री शेवाळ) दूध जमतं म्हणतात, ते चायना ग्राससारखंच वापरायचं का? आणि राजमा लवकर शिजावा म्हणून केल्पचा (मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाचा) तुकडा टाकला तर?

उधाणभांग:
पांढरं बहुधा मीठच. ओलं बोट लावून बघा. विरघळलं तर मीठ. लव दिसली किंवा कुबट वास आला तर बुरशी. मग निवडत बसू नका, अख्खी बरणी टाका.

चिकटपणाचं मूळ गोड्या पाण्यात आहे. त्याने पेशी फुटतात, चव निघून जाते, पात बुळबुळीत होते आणि नीट वाळतच नाही. वाळू, बारीक शंख काढायचे ते किनाऱ्यावरच, बादलीभर समुद्राच्या पाण्यात खळबळून. आणताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आत गरम होऊन काही तासांत सडायला लागतं. कांद्याची जाळीदार पिशवी उत्तम.

डल्स अगदी खालच्या खडकांवर आणि केल्पच्या देठांवर वाढतं, त्यामुळे भांगाच्या दिवसांत (ओहोटी कमी उतरते तेव्हा) जाऊन उपयोग नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी ओहोटी सगळ्यात खोल जाते. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा आणि पाणी फिरलं की मागे या. कात्रीने वरचा भागच घ्या. बुडखा आणि निदान तिसरा हिस्सा खडकावर राहू दे, उपटलं तर त्या जागी पुन्हा फूट येत नाही. वाहून आलेलं उचलू नका. तिकडे काही किनाऱ्यांवर कापणीचे हक्क पिढीजात ठरलेले आहेत, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

वाळवताना एकेरी थर. ऊन-वारा नसेल तर डीहायड्रेटर 40–45 अंशांवर, नाहीतर ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, दार किंचित उघडं ठेवून. वाकवल्यावर कडकन मोडलं पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट भरलं की झाकणाला आतून घाम येतो. दोन-तीन दिवसांनी बघा. मऊ पडलं असेल तर पुन्हा वाळवा. बरणी अंधारात.

खीरवाली:
कॅरगीनला मात्र गोडं पाणी चालतं. पूर्वापार ते गवतावर पसरून पावसात भिजवत आणि उन्हात वाळवत, जांभळ्याचं पिवळट-पांढरं होईपर्यंत. वासही उतरतो.

900 मिली दुधाला वाळलेलं 8–10 ग्रॅम पुरे. दहा मिनिटं पाण्यात भिजवा, निथळा, दुधात घालून मंद आचेवर 20 मिनिटं शिजू द्या. ढवळत राहा, तळाला लागतं. मग गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. गाळणीच्या खालच्या बाजूला जेलीसारखा थर चिकटतो, तो खरवडून घ्याच, जमण्याची सगळी ताकद त्यातच. साखर, वेलची घालून वाट्यांत ओता आणि फ्रीजमध्ये ठेवा. हे दुधातल्या प्रथिनांशी जुळून घट्ट होतं. पाण्यात तेवढंच घातलं तर पातळ राहतं. आंब्याचा रस घालायचा तर गाळून कोमट झाल्यावर. आंबटाबरोबर उकळलं की जमतच नाही. चायना ग्रासच्या वड्या पडतात तशा याच्या पडणार नाहीत.

गॉलवेकर:
आणि केल्प?

उधाणभांग:
तिथे जपून. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. एक ग्रॅम वाळलेल्या केल्पमध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं. तुकडा काढून टाकला तरी आयोडीन पाण्यात उतरलेलं असतं, आणि राजम्याचा रस्सा तर आपण खातोच. रोजचा नेम नको. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. डल्समध्ये आयोडीन त्या मानाने खूपच कमी.

खीरवाली:
राहिलंच: सांडपाणी सुटतं त्या बाजूला कापू नका, आणि मोठा पाऊस झाल्यावर काही दिवस थांबा.